एक खोली, पाच इयत्ता

(दृश्य : गाडीच्या काचेवर पाऊस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडी. दूरवर कौलारू छपरं.)

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर मागं टाकून जांबोटीच्या रस्त्याला लागलं, की आधी मोबाईलची रेंज जाते, मग ऊन जातं. पुढं कणकुंबीला मलप्रभेचा उगम, आणि चोर्ला घाट उतरला की गोवा. या पट्ट्यात भात आहे, काजू आहे, अस्वलं आहेत. आणि वाड्यावाड्यांवर मराठी शाळा आहेत.

ही त्यातलीच एक. सरकारी कनिष्ठ प्राथमिक मराठी शाळा, पहिली ते पाचवी. पट विशीच्या आत. गुरुजी एक, जोडीला वर्षातले काही महिने अतिथी शिक्षिका. गावाचं नाव आम्ही सांगणार नाही, कारण गुरुजींनी चित्रीकरणाला होकार देताना तेवढी एकच अट घातली.

(मूळ आवाज, गुरुजी : "नाव घातलासा की कोणतरी पट मोजायला येतंय.")

(दृश्य : वर्ग. भिंतीवर खिळ्यांची रांग, प्रत्येक खिळ्याला एक कार्ड. मुलं एकेक करून आत येतात.)

आता हे नीट बघा. घंटा झालेली आहे. गुरुजी कुठं दिसतायत का? ओढ्याला पाणी आलंय, ते पलीकडं उभे आहेत. पण हजेरी सुरू झाली. आलेलं प्रत्येक पोर आपल्या नावाचं कार्ड उलटं करतं. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं कार्ड, एका बाजूला सूर्य काढलेला. सूर्य दिसला म्हणजे हजर. पाचवीतली ही मुलगी उरलेली कार्डं मोजते, फळ्याच्या कोपऱ्यात आकडा लिहिते आणि कपाट उघडते. कपाटाची किल्ली तिच्याकडं असते. या महिन्यात ती मुलांच्या मंत्रिमंडळाची मुख्यमंत्री आहे.

ओढ्याचं पाणी ओसरून गुरुजी पोचेपर्यंत तिसरीची पोरं वाचायला बसली होती, चौथीची गणिताला. आमच्या कॅमेऱ्याकडं पहिलीतली दोघं सोडली तर कुणी फारसं बघितलंही नाही.

(दृश्य : पृथ्वीचा गोल. त्यावर एक लहान बोट फिरतंय.)

(मूळ आवाज, मुलगा : "हे गोव्याच्या पलीकडं काय गुरुजी?" गुरुजी : "पलीकडंच की. जरा लांब.")

कोलंबिया. दक्षिण अमेरिकेचा वायव्य कोपरा. तिथं आम्ही गेलो नाही, गुरुजीही गेलेले नाहीत. पण या खोलीत जे चाललंय, त्यातलं बरंचसं तिकडच्या डोंगरात आधी झालंय. म्हणून ती गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी.

अँडीज पर्वताच्या उतारावर कॉफीचे मळे आणि विखुरलेली वस्ती. प्रत्येक वस्तीला पाच शिक्षक देणं सरकारला शक्य नव्हतं, त्यामुळं एक शाळा, एक शिक्षक, सगळ्या इयत्ता. शिक्षक पहिलीला शिकवायला लागला की बाकीच्या चार इयत्ता बसून राहायच्या. कॉफीच्या तोडणीला पोरं घरच्यांबरोबर मळ्यात जायची. परत आली तोवर धडे पुढं गेलेले असायचे. मग नापास, मग तोच वर्ग पुन्हा, आणि कंटाळून शाळा बंद.

पाम्प्लोना गावच्या बाजूला ऑस्कर मोगोयोन नावाचे शिक्षक 1960च्या दशकापासून अशा एकशिक्षकी शाळांवर काम करत होते. 1970च्या दशकात विकी कोलबर्ट या समाजशास्त्र शिकलेल्या बाई आणि बेरिल लेव्हिंजर त्यांना येऊन मिळाल्या, आणि तिघांनी मिळून जी पद्धत बसवली तिचं नाव एस्क्वेला नुएवा, म्हणजे नवी शाळा. तिचा कणा म्हणजे मार्गदर्शिका. पोरानं स्वतः वाचून पुढं सरकावं अशा बेतानं लिहिलेली पुस्तिका. तोडणीला गेलेलं पोर परत आलं, की सोडलं त्याच पानावरून सुरू करतं. एका विषयात पुढं, दुसऱ्यात मागं असलं तरी बिघडत नाही. शिक्षक खडू घेऊन फळ्यापाशी उभा नसतो, तो या गटातून त्या गटात फिरतो. मुलांचं निवडून दिलेलं मंडळ असतं, हजेरी मुलंच लावतात, भिंतीवर गावाचा नकाशा आणि शेतीचं वेळापत्रक असतं. कागदावर साधं वाटतं. करून बघा.

1980च्या दशकाच्या मध्यावर कोलंबिया सरकारनं ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी हेच धोरण घेतलं. 1998 सालच्या युनेस्कोच्या लॅटिन अमेरिकेतल्या तौलनिक अभ्यासात, महानगरं वगळली तर, कोलंबियातली खेड्यातली मुलं शहरातल्या मुलांच्या पुढं निघाली. इतर देशांत चित्र उलटं होतं.

(दृश्य : पहिली ते तिसरीचा कोपरा. दोऱ्यांना टांगलेली चित्रं. जमिनीवर गोल करून बसलेली मुलं.)

"परदेशातलं आपल्याला काय उपयोगाचं?" असं लगेच विचारलं जातं. विचारणाऱ्यांनी हा कोपरा बघावा. ही कर्नाटक सरकारची नली-कली, म्हणजे आनंदानं शिकायची पद्धत. 1995च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातले शिक्षक आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या छोट्या ग्रामीण शाळा बघायला गेले. परत येऊन त्यांनी स्वतः कार्डं बनवली, शिकण्याची शिडी आखली, पोरांना गटात बसवलं, आणि पुढं ती राज्यभर गेली. म्हणजे दुसऱ्याचं बघून शिकायची सवय या राज्याच्या शिक्षण खात्याला आहे. दुसऱ्याच्या राज्यातून चालतं, तर दुसऱ्याच्या देशातून का चालू नये?

अडचण एकच. नली-कली तिसरीला संपते. चौथी आणि पाचवी? ती याच खोलीत, याच गुरुजींपुढं. कालपर्यंत गटात बसून आपल्या चालीनं शिकणारं पोर चौथीत गेलं, की पुन्हा फळ्याकडं तोंड करून गुरुजींची वाट बघत बसतं. गुरुजींनी कोलंबियाकडं बघितलं ते याच कारणानं.

(दृश्य : गुरुजींच्या घरची पडवी. रात्र. पुठ्ठे, कात्री, स्केचपेन. पाठ्यपुस्तकाचं उघडं पान.)

पाठ्यपुस्तक राज्याचंच, मराठी माध्यमाचं. अभ्यासक्रमातला एक शब्द कमी केलेला नाही, हे गुरुजी दर दहा मिनिटांनी आम्हाला सांगत होते. फक्त एकेक धडा फोडून त्याची कार्डं केली. प्रत्येक कार्डावर चार कामं : वाच, करून बघ, घरी विचार, दुसऱ्याला सांग. पुठ्ठा बिस्किटांच्या खोक्यांचा. पहिल्या पावसाळ्यात सगळ्याला बुरशी आली, तेव्हापासून खानापूरला जाऊन लॅमिनेशन करून आणायचं. खर्चाला एसडीएमसीनं, म्हणजे पालकांच्या शाळा समितीनं, वर्गणी काढली. थोडी काजूवाल्यांकडून आली, थोडी गोव्यात कामाला असलेल्या गावच्या पोरांकडून.

(दृश्य : शाळेचा व्हरांडा. दोन मुलं आणि एक दोरी. बाहेर धो धो पाऊस.)

आमच्या छायाचित्रकाराला सगळ्यात आवडलेलं कार्ड हे. पाचवी, गणित, क्षेत्रफळ. कार्ड सांगतं : तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. घरी विचार, आपलं शेत किती गुंठे? मग शेतात जाऊन एक गुंठा दोरीनं आखून बघ. आता जुलैत शेतात कोण आखू देणार, सगळीकडं चिखल आणि लावणी. तेव्हा पोरांनीच तोड काढली. शाळेचा व्हरांडा मोजला. तीस फूट लांब, सहा फूट रुंद. दोरीचं दुसरं टोक धरायला तिसरीतला भाऊ. एकशेऐंशी चौरस फूट. गुंठा एक हजार एकोणनव्वदचा. मग एका गुंठ्यात असे किती व्हरांडे?

(मूळ आवाज, मुलगा : "सहा व्हरांडं बसत्यात. आनि वर जरा उरतंय.")

बरोबर आहे. नऊ चौरस फूट उरतात. तेही त्यानं नंतर पाटीवर काढून दाखवलं, पण तेव्हा कॅमेऱ्याची बॅटरी गेली होती.

(दृश्य : भिंतीवरचं वेळापत्रक. जुन्या फ्लेक्सच्या पाठीवर रंगवलेले बारा महिने.)

हे शेतीचं वेळापत्रक मुलांनी आजी-आजोबांना विचारून केलंय. जूनमध्ये तरवा म्हणजे भाताची रोपं, जुलैत लावणी, दसऱ्यानंतर सुगी, मार्चपासून काजू. लावणीच्या आठवड्यात कोण कोण येणार नाही, हे गुरुजींना आधीच ठाऊक असतं. त्यांची कार्डं त्यांच्या नावाच्या डब्यात थांबतात. कॉफीच्या जागी भात आला, बाकी हिशेब तोच. शेजारी गावाचा नकाशा. त्यात ओढा प्रत्यक्षापेक्षा मोठा काढलाय, आणि पोरांच्या दृष्टीनं तो बरोबरच आहे.

(दृश्य : अक्षर दासोहचं, म्हणजे सरकारी योजनेतलं शाळेतलं दुपारचं जेवण. मुलं वाढतायत. मुख्यमंत्री बाई शेवटी बसतात.)

मुलांच्या मंत्रिमंडळात पाणी, पुस्तकं, बाग आणि ताटं अशी चार खाती आहेत. पुस्तक खात्यात सध्या भांडण चालू आहे, कारण भुतांच्या गोष्टींचं पुस्तक एकाच घरात महिनाभर अडकलंय.

परिणाम विचाराल तर : चौथी-पाचवीची पोरं मराठी न अडखळता वाचतात, कन्नड वाचन सुधारायला हवं, आणि भागाकारात निम्मी अजून अडतात.

(दृश्य : गावाबाहेरची दुसरी इमारत. कुलूप. अंगणात गवत.)

ही पलीकडच्या वाडीची शाळा. पट घटला, पोरं इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमधून जायला लागली.

1956 साली हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आला. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीनं घटनेत 350 अ हे कलम आलं : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, यासाठी राज्यांनी पुरेशा सोयी कराव्यात. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. पहिलीत बसलेलं पोर तोवर थोडंच थांबणार आहे? मराठी शाळेसाठी मोर्चे खूप निघाले, आणि त्यांची गरज होती. पण मराठी शाळेत आत शिरल्यावर पोराला काय मिळतं, यावर बोलायला आपल्याकडं माणसं कमी आहेत. आमचं हे स्पष्ट मत आहे, आणि हा माहितीपट करण्याचं कारणही तेच.

शाळा लहान आहे म्हणून ती कमअस्सल, हे आम्हाला मान्य नाही. कोलंबियात लहान शाळा हीच सुरुवात होती.

तिथंही सगळं गोड झालं नाही, हे सांगायलाच हवं. पद्धत हजारो शाळांत झपाट्यानं नेली, तेव्हा कित्येक ठिकाणी मार्गदर्शिका पुरेशा पोचल्याच नाहीत, प्रशिक्षण आखडलं, आणि दारावर पाटी नवी पण आत जुनीच शाळा अशी अवस्था झाली. वरून परिपत्रक काढून हे होत नाही. जिथं टिकलं, तिथं शिक्षकांच्या छोट्या मंडळांमुळं टिकलं. आसपासच्या शाळांचे शिक्षक ठरावीक दिवशी एकत्र बसायचे, एकमेकांच्या वर्गात जायचे, काय जमलं नाही ते सांगायचे.

आपल्याकडं असं मंडळ आहे. त्याला समालोचना म्हणतात, आणि तिथं बहुतेक वेळ माहितीचे तक्ते भरण्यात जातो.

(दृश्य : शनिवार दुपार. शाळा सुटलेली. बाकांवर मोठी माणसं. चहा.)

म्हणून हे सगळे शनिवारी वेगळे बसतात. तीन मराठी शाळांचे शिक्षक, आणि यावेळी शेजारच्या कन्नड शाळेच्या बाईही आल्यात. त्यांच्याकडंही दोन शिक्षक आणि पाच इयत्ता आहेत. त्यांनी गुंठ्याचं कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला.

(मूळ आवाज, बाई : "घरी विचार म्हणून लिहिलंय. आणि घरात कोण नसेल तर?")

यावर अर्धा तास चर्चा झाली. आई-वडील गोव्यात, आजीला ऐकू येत नाही, अशी पोरं प्रत्येकाच्या वर्गात निघाली. शेवटी कार्डावर "घरी किंवा शेजारी" असं करायचं ठरलं. बाई चौथीचा एक संच घेऊन गेल्या आहेत. चित्रं तशीच ठेवून मजकूर त्या कन्नडमध्ये लिहिणार आहेत, आणि त्या बदल्यात या शाळेच्या मुलांसाठी कन्नड वाचनाची सोपी कार्डं करून देणार आहेत. पुढची बैठक त्यांच्या शाळेत. भागाकाराची कार्डं नव्यानं कुणी करायची, ते अजून ठरायचं आहे.