शाफानचं घराणं

नमस्कार श्रोतेहो. बायबलमधल्या वंशावळी आल्या की भलेभले वाचक भराभर पानं उलटतात. त्याच गर्दीत याबेस गावच्या लेखकांच्या कुळांचा उल्लेख आहे. तीन नावं, आणि विषय संपला. यरुशलेममधल्या एका लेखक घराण्याची तीन पिढ्यांची हकिकत मात्र आपल्याला बऱ्यापैकी कळते. ते घराणं शाफानचं.

शाफान हा यहूदाच्या योशीया राजाचा चिटणीस. ख्रिस्तपूर्व ६२२च्या सुमारास मंदिराची डागडुजी चालू होती. तिच्या पैशांचं पाहायला राजानं त्याला धाडलं, तर महायाजक हिल्कीयानं त्याच्या हाती नियमशास्त्राचा ग्रंथ ठेवला. मंदिरातच सापडला म्हणे. शाफाननं तो वाचला आणि दरबार गाठला. पण तिथे आधी पैशांचा अहवाल दिला, ग्रंथाची गोष्ट नंतर काढली. मुरलेला कारकून, दुसरं काय! वाचन ऐकून राजानं अंगावरची वस्त्रं फाडली.

पुढे यिर्मया संदेष्ट्याच्या जिवावर बेतलं, तेव्हा शाफानचा मुलगा अहीकाम त्याच्या पाठीशी उभा राहिला. दुसरा मुलगा एलासा, यिर्मयाचं पत्र घेऊन बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला गेला. तिसऱ्याची, गमऱ्याची, मंदिराच्या वरच्या चौकात खोली होती. बारूख हा यिर्मयाचा लेखनिक. यिर्मयानं सांगितलेली वचनं त्यानं गुंडाळीवर उतरवली होती, ती त्यानं याच खोलीतून लोकांना वाचून दाखवली. गमऱ्याचा मुलगा मीखाया ती ऐकून थेट राजवाड्यातल्या चिटणिसाच्या खोलीत गेला. तिथे बाप इतर अधिकाऱ्यांसोबत बसलाच होता. बारूखला बोलावणं गेलं. मजकूर ऐकून सगळे हादरले, तरी त्यांनी विचारलं काय, तर हे लिहिलंस कसं? तो म्हणाला, ते तोंडानं सांगत गेले, मी शाईनं लिहीत गेलो. मग त्याला सल्ला मिळाला: तू आणि यिर्मया, दोघंही लपून बसा.

राजा आता योशीयाचा मुलगा यहोयाकीम होता. थंडीचे दिवस, समोर शेगडी पेटलेली. ती गुंडाळी त्याच्यापुढे वाचली जात होती. तीन-चार रकाने वाचून झाले की तो तेवढा तुकडा चाकूनं कापायचा आणि विस्तवात टाकायचा. चाकूही लेखनिकाचाच! जाळू नका म्हणून गमऱ्या आणि आणखी दोघांनी विनवलं. राजानं ऐकलं नाही. बारूखनं सगळं पुन्हा लिहून काढलं, वर भरही घातली.

ख्रिस्तपूर्व ५८६मध्ये बाबेलच्या सैन्यानं यरुशलेम जाळलं. उरलेल्या लोकांवर अहीकामचा मुलगा गदल्या याला अधिकारी नेमलं, पण लवकरच मिस्पा इथे जेवणाच्या पंगतीतच त्याचा खून झाला. यहुदी लोक त्याच्या नावानं आजही उपास करतात.

आता १९८२ साल. यरुशलेममधल्या दावीदनगरात यिगाल शिलो यांच्या उत्खननात एका जळक्या घरात मातीचे पन्नासेक ठसे मिळाले. पपायरस म्हणजे लव्हाळ्यापासून केलेला त्या काळचा कागद. त्याची गुंडाळी दोरीनं बांधायची, गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबायचा, त्यावर मुद्रा उमटवायची, अशी रीत होती. आगीत पपायरस गेले, माती भाजून पक्की झाली. नखाएवढ्या एका ठशावर जुन्या हिब्रू लिपीत मजकूर आहे: ‘शाफानचा मुलगा गमर्याहू याचा’. हा तोच गमऱ्या, असं बरेच अभ्यासक मानतात. बारूखच्या नावाचेही ठसे पुराणवस्तूंच्या बाजारात आले होते, पण ते कुठे खणून काढले याचा पत्ता नाही आणि तपासणीनंतर तज्ज्ञांनी ते बनावट म्हटले. गमऱ्याचा ठसा उत्खननात, राखेच्या थरातून हाती आला. म्हणून त्याचं मोल मोठं.