सड्यावरची पदवी

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचे निकाल लागले की पर्यावरणशास्त्राच्या पदवीची चौकशी करायला पालक येतात. सोबत कधी आजोबा असले, तर त्यांची शंका ठरलेली असते : "पर्यावरण म्हणजे झाडां लावची मां? त्याका डिग्री कित्याक व्हयी?" शंका रास्त आहे. झाडं लावायला पदवी लागत नाही, कोकणात तर नाहीच नाही.

थोडा दोष आम्हा शिकवणाऱ्यांकडेही जातो. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सगळ्या शाखांच्या पदवीसाठी अभ्यासक्रम आखून दिला, आणि 'ईव्हीएस', म्हणजे पर्यावरण अभ्यास, हा आदल्या रात्री गाइड चाळून सोडवायचा पेपर होऊन बसला. मी आज त्या पेपरबद्दल बोलत नाही. रसायन, जीवशास्त्र, भूगर्भ, संख्याशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र असं सगळं ज्यात एका ताटात वाढलेलं असतं, त्या पूर्ण पदवीबद्दल बोलतोय. हे विषय एकत्र आले की नेमकं काय होतं, ते आपल्या सड्यावरच बघू.

गावाच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं पठार, म्हणजे सडा. मे महिन्यात तिथे चपलेतूनही पाय भाजतात. सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढे बहुतेक वेळा 'पोटखराबा' लिहिलेलं सापडतं, म्हणजे लागवडीला अयोग्य. महसूल खात्याच्या बाजूने त्यात चूक काही नाही. शेतसारा कशावर बसवायचा, एवढाच त्यांचा प्रश्न. भूगर्भशास्त्रवाला मात्र तिथे वेगळंच बघतो. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्याच्या भोकांतून आणि भेगांतून खाली उतरतं, खालच्या चिकण मातीच्या थरावर अडतं आणि सड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतं. वाडी नेमकी तिथे वसलेली असते आणि विहीरही तिथेच खणलेली असते. वाडवडिलांनी हे कुठल्या विद्यापीठात शिकून केलं नव्हतं, हेही जाता जाता सांगितलं पाहिजे.

वनस्पतिशास्त्रवाल्याने यावं ते ऑगस्टमध्ये. वीतभरही माती नाही अशा कातळावर गेंदाची पांढरी बोंडं आणि सीतेची आसवं यांचा नुसता गालिचा असतो. ही निळी-जांभळी सीतेची आसवं दिसायला नाजूक, पण आहेत कीटकभक्षी. त्या ओल्या कातळावर नत्र मिळत नाही, म्हणून मुळाशी असलेल्या इवल्याशा पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून ती आपली सोय लावतात. गणपतीनंतर पाऊस ओसरत गेला की सगळा खेळ आटोपतो. पुरातत्त्ववाले येतात ते कातळशिल्पांसाठी. ती 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आणि ज्याला घरखर्च चालवायचा आहे तो म्हणतो, इथे सुरुंगाने खड्डे पाडून, बाहेरून माती आणून कलमं उभी राहतात. 1990 च्या रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेनंतर अशा कितीतरी बागा झाल्या. चिरेखाणीवरही घरं चालतात, आणि आपली घरं त्याच चिऱ्यांची आहेत.

इथवर प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर. अडचण पुढे आहे. वर सड्यावर चिरेखाण खोल गेली, तर खालच्या वाडीच्या विहिरीचं काय होईल? खाण एकाच्या सातबाऱ्यावर, विहीर दुसऱ्याच्या. नफा वर, पाणी खाली. हा प्रश्न भूगर्भाचा म्हणावा, अर्थशास्त्राचा की कायद्याचा? कुठल्याही एका खात्याकडे नेला तर तिथून तो पुढच्या खात्याकडे ढकलला जाणार. हा असा ढकलता येणार नाही इतका नीट मांडणं, हे या पदवीचं काम.

मोठा प्रकल्प येतो तेव्हा हे आणखी कळतं. केंद्र सरकारच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणीय परिणामांचा अहवाल तयार होतो. त्याचा सारांश मराठीतही द्यावा लागतो आणि जनसुनावणीआधी निदान 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. पण अहवालासाठीची मोजमापं पुष्कळदा एकाच हंगामात होतात, आणि तीही पावसाळा वगळून. आता एप्रिलमध्ये सड्यावर गेलेला माणूस काय लिहील? 'वनस्पती विरळ.' तो खोटं लिहीत नाही. त्याला दिसलं तेच लिहितो. अहवालाच्या पहिल्या पानांवर मोजणीचे महिने वाचून "ऑगस्टमध्ये कोण गेलं होतं?" असं जनसुनावणीत उभं राहून विचारणारा एक जण गावात असला, तर अख्खी चर्चा फिरते.

आता थोडं कडू बोलतो. या पदवीत सगळ्याचं थोडं थोडं आणि कशाचंच धड नाही, असं होण्याचा धोका खरा आहे. म्हणून एक विषय पक्का करा. कुठलाही चालेल, पण असा की त्यातलं कोणी विचारलं तर मान खाली जायला नको. यात रोकडा हिशेबही आहे. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला पात्रतेसाठी जे विषय लागतात, त्यांत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, संख्याशास्त्र वगैरे आहेत. पर्यावरणशास्त्र हे नाव त्या यादीत नाही. जोडीला यातला एखादा विषय नसेल, तर ते दार बंद. बाकी प्रयोगशाळा, कारखान्यांचे पर्यावरण विभाग, अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार संस्था, उपग्रहचित्रांवरून नकाशे करण्याचं काम, अशा नोकऱ्या आहेत. पगार सुरुवातीला बेताचा असतो.

आणि संख्याशास्त्राला घाबरून चालणार नाही. विहिरीचं पाणी मोजायचं म्हणजे वजन बांधलेली टेप सोडून कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्यायचं, दर पंधरवड्याला, वर्षभर. त्याआधी घरात हाक मारून विचारायचं, "काकी, सकाळी पंप लावला होता का?" हे विचारलं नाही, तर आकडा उपसा झालेल्या विहिरीचा येतो आणि पुढचं सगळं गणित फुकट जातं. काकींशी बोलता येणं आणि आलेला आकडा पारखता येणं, दोन्ही एकाच मुलीला जमावं लागतं. कला शाखेतून आलेल्या मुलांना यातलं पहिलं पटकन जमतं, असं मी पाहिलं आहे.

प्रवेशअर्ज भरण्याआधी कॉलेजात जाऊन या. प्रयोगशाळा बघा. कायदा आणि अर्थशास्त्र शिकवायला त्या-त्या विषयाचे शिक्षक येतात, की एकच सर सगळं उरकतात, ते विचारा. मग विचारा, जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना क्षेत्रभेटीला कुठे नेता? "पावसात कुठे नेणार हो?" असं उत्तर आलं, तर दुसरं कॉलेज बघा.

नमस्कार.