दातांच्या खुर्चीत बसण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

कॉलेज रोड असो, सिडको असो की पंचवटी, दातांच्या दवाखान्याची पाटी नाही असा मोठा रस्ता नाशिकमध्ये शोधावाच लागेल. खुर्चीत बसलं की आपण डॉक्टरांचे ग्लोव्ह्ज आणि मास्क बघतो आणि निर्धास्तपणे आ करतो. कोविडनंतर या दोन गोष्टी बहुतेक सगळेच वापरतात. त्यामुळे फरक पडतो तो आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टींत.

दात कोरताना सूंऽऽ असा आवाज करतो ना, तो हँडपीस. मिनिटाला तीनेक लाख फेरे घेणारा. तो थांबताना लाळ, रक्त आत ओढलं जाऊ शकतं. म्हणून बाहेरून स्पिरिटने पुसून भागत नाही. दर रुग्णाला ऑटोक्लेव्हमधून काढलेला हँडपीस हवा. ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालची वाफ: १२१ अंश सेल्सिअसला पाकीटबंद हत्यारं साधारण ३० मिनिटं, वर तापण्या-सुकण्याचा वेळ वेगळा. संध्याकाळी सातला बाहेर आठ जण ताटकळत असतात आणि हँडपीस दोनच. अडतं ते इथे. नियम शेवटच्या वर्षाचा विद्यार्थीही घडाघडा सांगेल. पण जादा हँडपीस घ्यायला पैसे लागतात आणि रुग्णाला थांबवायला धीर लागतो. आणि हो, दवाखान्यात दिसणारी ती निळ्या, म्हणजे अतिनील दिव्याची पेटी निर्जंतुक झालेली हत्यारं ठेवण्यापुरती. नुसत्या उकळत्या पाण्यालाही काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्यांची सुप्त रूपं, दाद देत नाहीत.

दुसरा प्रश्न मनोवृत्तीचा. एचआयव्ही म्हटलं की काही दवाखान्यांत अजूनही ‘तुम्ही मोठ्या हॉस्पिटलात जा’ असं सांगतात. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने असा भेदभाव करता येत नाही. शिवाय तो हिशेबही चुकीचा. बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका हजारात तीन. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा, म्हणजे विषाणूमुळे होणाऱ्या यकृताच्या आजाराचा, धोका मात्र शंभरात तीसपर्यंत जातो. हा विषाणू सुकलेल्या रक्तातही सात दिवस टिकतो, आणि तो आपल्या अंगात आहे हे कित्येक रुग्णांना ठाऊकही नसतं. एचआयव्हीवाल्याला परत पाठवलं, तर पुढच्या दवाखान्यात तो आजार सांगणारच नाही. म्हणून प्रत्येक रुग्णासाठी सारखीच काळजी घ्यायची, हाच सुरक्षित रस्ता.

सगळ्यात दुर्लक्षित कोण, तर हत्यारं धुणारी मदतनीस. डॉक्टरांनी हिपॅटायटिस बीची लस घेतलेली असते. तिला कुणी विचारलेलं नसतं. तीन डोस, पहिल्यानंतर एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी, मग लस लागू पडली का, हे बघायला रक्ततपासणी. धुताना पातळ नाही, जाड रबरी हातमोजे. वापरलेली सुई लगेच सुईसाठीच्या पांढऱ्या, सुईने भोक न पडणाऱ्या डब्यात.

रुग्णांनी काय करावं? ‘डॉक्टर, पाकीट माझ्यासमोर फोडाल का?’ एवढं विचारावं. पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला दिसेल. अर्थात त्यावरून पाकीट वाफेत जाऊन आलं एवढंच कळतं. यंत्र जंतू नीट मारतंय का, यासाठी डॉक्टरांनी आठवड्याला बीजाणूंची चाचणी करायची असते. तिची नोंदवही दाखवा म्हटल्यावर आनंदाने दाखवणारे डॉक्टर आहेत. कपाळाला आठ्या पडल्या, तर दुसऱ्या दवाखान्याची चौकशी करायला हरकत नाही.