थव्याला चोपदार नाही

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की शंभरेक किलोमीटरवर भिगवण. उजनीच्या फुगवट्याचं पाणी, काठाला ऊस आणि बाभळी. थंडीत दिवस कलला की इथे भोरड्या, म्हणजे मैनेच्या कुळातली पाखरं, जमू लागतात. गुलाबी अंग, काळं डोकं, मध्य आशियाकडून मुक्कामाला आलेल्या. दिवसभर ज्वारीच्या रानातून यांना गोफणीने हाकललेलं असतं. आता त्या पांगलेल्या टोळ्या एकमेकींत मिसळतात आणि आभाळात हजारो पाखरांचा एकच थवा होतो. तो लांबतो, पिळवटतो, मध्येच काळाभोर दाटतो.

याला वळवतं कोण?

वारीत समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंचावला की टाळ-मृदंग क्षणात थांबतात. थव्यात असा चोपदार नाही.

१९८६ साली अमेरिकेत संगणकतज्ज्ञ क्रेग रेनॉल्ड्स यांनी संगणकावर पाखरं उडवली. प्रत्येकाला तीनच नियम. शेजाऱ्याला धडकू नको. शेजारी जिकडे निघालेत तिकडेच जा. त्यांना सोडून लांब जाऊ नको. थवा कसा दिसावा याबद्दल प्रोग्राममध्ये एक ओळही नव्हती. तरी थवा झाला. अडथळे टाळण्याची जोड दिली, तर अडथळ्यापाशी दुभंगला आणि पलीकडे पुन्हा जुळला.

हा खेळ आज साध्या लॅपटॉपवर करता येतो, आणि करावाच. पहिला नियम काढा, पाखरं एकमेकांत घुसतात. दुसरा काढा, थव्याला दिशाच उरत नाही. तिसरा काढा, सगळी पांगतात. नियमांचा जोर थोडा कमी-जास्त केला तरी चाल बदलते, आणि कशी बदलेल हे नुसते नियम वाचून सहसा सांगता येत नाही. चालवूनच बघावं लागतं. मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच.

आणि खरी पाखरं? रोममध्ये भौतिकशास्त्रज्ञांनी भोरडीच्याच कुळातल्या युरोपीय मैनांचे थवे एकाच क्षणी अनेक कॅमेऱ्यांनी टिपले आणि थव्यातल्या एकेका पाखराची जागा काढली. या गटात जॉर्जिओ पारिसी होते. पुढे २०२१ साली त्यांना नोबेल मिळालं. २००८ मध्ये या गटाने मांडलं, की पाखरू जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांशीच जुळवून घेतं, मग ते शेजारी दाटीत असोत की विरळ. म्हणून थवा ताणला तरी सहसा तुटत नाही.

ससाणा झेपावतो तेव्हा हे डोळ्यांना दिसतं. कडेची पाखरं वळतात, त्यांना पाहून त्यांचे शेजारी, मग त्यांचे, आणि एक गडद लाट थव्यातून सरकत जाते. पार दुसऱ्या टोकाला वळलेल्या भोरडीने ससाणा पाहिलेलाही नसतो.