लिस्बनमध्ये वसईकर

(पडद्यावर: उंच दगडी कमानी, वर मोकळं आभाळ.)

हे चर्च पाहिलं आणि आमची धाकटी ओरडली, "अगं आई, हा तर आपला किल्ला!"

तिचं चुकलं नाही. वसईच्या किल्ल्यातली चर्चंही अशीच, भिंती उभ्या आणि वर छप्पर नाही. पण आम्ही आहोत लिस्बनला, कार्मोच्या मठात. १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांच्या सणाची सकाळ, चर्चं माणसांनी भरलेली, आणि भूकंप झाला. पाठोपाठ समुद्र आत शिरला, मग आगी लागल्या. कार्मोचं छप्पर तेव्हा कोसळलं, ते पुन्हा कधी चढलंच नाही. आमच्या किल्ल्याची कहाणी निराळी. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. तरी कमानी सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात.

(पडद्यावर: नदीकाठ, जेरोनिमोश मठ.)

बेलें, लिस्बनचाच नदीकाठचा भाग. इथून जवळच १४९७ च्या जुलैत वास्को द गामाची जहाजं सुटली. हा मठ त्यानंतरचा, राजा मानुएलने बांधायला घेतलेला. खांब नीट बघा. दगडात कोरलेले दोरखंड, गाठी, समुद्रातली झाडंझुडपं. पैसा आला तो आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातून. म्हणजे यात मलबारची मिरीही आली.

आत वास्कोचं थडगं आहे. तो १५२४ मध्ये कोचीला वारला, तिथेच पुरला गेला. पुढे अस्थी पोर्तुगालला नेल्या आणि १८८० मध्ये इथे आणल्या. बाबा थडग्यापुढे बराच वेळ उभे. तीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला. बाहेर आल्यावर म्हणाले, "आफ्रिकेतल्या मालिंदीहून वाटाड्या घेऊन आला होता. वाट त्या वाटाड्याला ठाऊक, मग शोध याने कसला लावला?" परीक्षेत मात्र 'वास्कोने भारताच्या सागरी वाटेचा शोध लावला' या वाक्याला ते पूर्ण गुण द्यायचे, हे आईने तिथल्या तिथे सांगून टाकलं.

(पडद्यावर: दुकानात रचलेला खारवलेला मासा.)

आईला थडग्यात रस नव्हता. ती थांबली ती या वासापाशी. बाकाल्याउ, म्हणजे खारवून सुकवलेला कॉड. गंमत अशी की हा मासा पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळतच नाही. तो येतो उत्तरेच्या थंड समुद्रातून, आणि तरी घरोघरी हाच. किती वेळ भिजवायचा, हे आईने हातवारे करून विचारलं. दुकानदाराने दोन बोटं दाखवली, दोन दिवस. मग पाणी ओतून देऊन नवं भरायची खूण केली. आईने मान डोलावली. बोंबलाचं माणूस, तिला दुभाषा कशाला?

दुपारी तोच मासा ताटात आला. तंतू सोडवलेला, काडीसारखा तळलेला बटाटा, अंडं, काळी ऑलिव्ह. बटाट्याला इथे बताता म्हणतात. पावाला पाउं, कोबीला कोव्ह, काजूला काजू. खोलीच्या किल्लीला शाव्ह, त्यावरून आपली चावी. चहाला शा म्हणतात, पण तो शब्द त्यांचाही नाही आणि आपलाही नाही, दोघांनीही चीनकडून घेतलेला.

मठाशेजारी १८३७ पासून चालणारं मिठाईचं दुकान आहे. अंड्याच्या बलकाची कस्टर्ड भरलेली, कडेने कुरकुरीत पेस्ट्री, वरून दालचिनी. सहा मागवल्या. मग आणखी सहा.

(पडद्यावर: संध्याकाळ. आल्फामा या जुन्या वस्तीची चढण, कोपऱ्यावरचं कॅफे.)

इथे काउंटरच्या काचेत एक तिकोनी ओळखीचा पदार्थ दिसला. नाव शामुसा. गोव्याकडून आणि आफ्रिकेतल्या वसाहतींकडून आलेला, आता इथल्या कॅफेत सर्रास मिळणारा. आईने एक मागवली, मधोमध फोडली, आत डोकावून पाहिलं.

"खिमा आहे," ती म्हणाली. "चटणी कुठाय?"