सरवा

[जालना जिल्हा. चर्चची ओसरी. सतरंजीवर ज्वारीच्या पिशव्या, स्टीलचे डबे.]

दिवाळी सरली की गावातल्या घरांना कुलपं लागायला लागतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावरच परततात. मागं राहतात म्हातारीकोतारी, आणि त्यांच्या भरवशावर सोडलेली नातवंडं.

जालन्याच्या मातीत ख्रिस्ती मंडळी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी इथं जवळच बेथेल गाव वसवलं. आजची ही मंडळी लहान आहे, बहुतेक घरं हातावर पोट असलेली. तरी रविवारची उपासना संपली की कुणी लगेच घरी जात नाही. महिला मंडळाच्या बाया आठवडाभर बाजूला काढलेलं धान्य निवडायला बसतात. पाळकसाहेबांच्या वहीत नावापुढं जात-धर्म नाही. लिहिलंय ते असं: 'दात नाहीत, कण्या द्या.' 'रात्री एकटी असते.' 'बीपीची गोळी मंगळवारी संपते.'

ही वही मला फार मोलाची वाटते. ती भरायला कुणाला तरी दारोदार जाऊन बसावं लागतं, ऐकावं लागतं.

बायबलमधली रूथ विधवा होती, परक्या मुलखातली. बवाजाच्या शेतात ती सरवा वेचायची, म्हणजे पीक काढल्यावर रानात पडून राहिलेलं. बवाजानं गड्यांना बजावलं, पेंढ्यांतली कणसं मुद्दाम तिच्यासाठी टाकत चला, तिला रागावू नका. सरवा काय असतो, हे मराठवाड्यातल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. मागायची पाळी कुणावर येऊ नये, एवढंच या मंडळीनं त्यातून घेतलंय.

[मातीचं घर. दारात मोटारसायकल थांबते.]

"आजे, डबा आणलाय."

"ठिव बाबा तिथं."

आजींचे श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे सरकारच्या म्हातारपणीच्या पेन्शनचे, महिन्याचे 1500 रुपये अडकले होते. जन्मभर खुरपं धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीनवर अंगठा उमटेना. मंडळीतला हा तरुण तीन वेळा त्यांना मागं बसवून तालुक्याला घेऊन गेला. शेवटी डोळ्यांच्या मशीनवर काम झालं. त्या तीन दिवसांची त्याची मजुरी बुडाली. विचारल्यावर तो नुसता मान हलवतो.

आजी मागचा डबा धुऊन आणतात. रिकामं भांडं परत देऊ नये, ही इथली रीत. आत भुईमुगाच्या शेंगा आहेत, सरव्याच्या.