‘विचारविनिमय करू’: पंचराष्ट्र संरक्षण व्यवस्था या सैल कराराची गोष्ट

[दृश्य: सेंबवांगची गोदी, पहाटेची वेळ]

सिंगापूरच्या उत्तर टोकाला ही सेंबवांगची गोदी. ब्रिटिश आरमाराचं पूर्वेकडचं मोठं ठाणं इथंच होतं. डिसेंबर १९६८ मध्ये ही गोदी सिंगापूर सरकारच्या हाती आली, नाममात्र एका डॉलरला.

सौदा स्वस्तातला वाटेल. पण त्या दिवसांत सिंगापूरच्या राज्यकर्त्यांची झोप उडाली होती.

नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं आणि ब्रिटनला खर्च आवरता घ्यावा लागला. १६ जानेवारी १९६८ ला पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी संसदेत जाहीर केलं, की मलेशिया, सिंगापूर आणि आखातातलं सैन्य १९७१ अखेर माघारी येईल. मुदत याहूनही जवळची ठरत होती. सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू तातडीनं लंडनला गेले, म्हणून काही महिने तरी वाढवून मिळाले.

सिंगापूरला स्वतंत्र होऊन तेव्हा अडीच वर्षंही झाली नव्हती. सुरुवातीला पायदळाच्या अवघ्या दोन पलटणी हाताशी होत्या आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा जवळपास पाचवा हिस्सा ब्रिटिश तळांमुळे येत होता. स्वातंत्र्य मिळताच लींनी लालबहादूर शास्त्रींकडे लष्करी सल्लागार मागितला होता. दिल्लीहून शुभेच्छा आल्या, सल्लागार काही आला नाही. भारतीय म्हणून ही गोष्ट मनाला लागते. पुढे सैन्य उभं करायला इस्रायली आले.

[दृश्य: जोहोरची सामुद्रधुनी, पलीकडे मलेशिया]

आणि शेजारी कोण, तर मलेशिया. १९६५ मध्ये ज्याच्यापासून सिंगापूर वेगळं झालं, तोच. घर वाटून घेतलेल्या भावांसारखे दोघं एकमेकांकडे संशयानं बघत होते. पण मधली सामुद्रधुनी इतकी चिंचोळी, की लढाऊ विमानाला ती ओलांडायला काही क्षण पुरतात. जमीन वाटली गेली, आभाळ कसं वाटणार?

एप्रिल १९७१ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मलेशिया आणि सिंगापूरचे मंत्री लंडनला जमले. १ नोव्हेंबरपासून पंचराष्ट्र संरक्षण व्यवस्था अमलात आली. १९५७ च्या जुन्या करारात ब्रिटनवर मलायाच्या (पुढच्या मलेशियाच्या) संरक्षणाची जबाबदारी होती. नव्या व्यवस्थेत शब्द आला तो एवढाच: हल्ला झाला किंवा धोका दिसला, तर पाचही देश तातडीनं विचारविनिमय करतील. लढायला येतील, असं कुठंही लिहिलेलं नाही.

हा करार कागदी आहे, असं तेव्हापासून म्हटलं जातं. मला ते पटत नाही. त्याचं खरं काम बघायचं तर पेनांग बेटासमोरच्या बटरवर्थला जावं लागतं.

[दृश्य: बटरवर्थचा हवाई तळ]

संयुक्त हवाई संरक्षणाचं मुख्यालय इथं आहे. त्याचा प्रमुख कायम ऑस्ट्रेलियन हवाई दलाचा अधिकारी असतो, हाताखाली पाचही देशांचे लोक. त्यामुळे मलेशियाला सिंगापूरचा हुकूम ऐकावा लागत नाही, सिंगापूरला मलेशियाचा. एकमेकांवर भरवसा नसलेले दोन शेजारी एकाच नकाशावर वाकून काम करू लागले, ते या तिसऱ्या माणसामुळे.

परदेशी फौजा हळूहळू गेल्याच. न्यूझीलंडची पलटण १९८९ पर्यंत थांबली. १९९८ मध्ये आर्थिक संकट आणि सिंगापूरशी तणाव असताना मलेशियानं पाच देशांच्या संयुक्त लष्करी सरावातून अंग काढून घेतलं. व्यवस्था मात्र सोडली नाही. शब्द सैल होते, म्हणून रुसायलाही जागा होती आणि परत यायलाही.

आज त्या सरावाचं नाव आहे ‘बरसामा लिमा’. मलय भाषेत अर्थ, पाचजण मिळून.